तीन जॅक्सन आणि २६ जागा: अमेरिकी बेसबॉल संघ नवख्या पोरांची निवड कशी करतात?

मार्च २०२४. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या तीन वेगवेगळ्या संघांच्या सराव शिबिरात वीस वर्षांची तीन पोरं घाम गाळत होती, आणि योगायोग बघा, तिघांचंही नाव जॅक्सन. सॅन डिएगो पाद्रेसचा जॅक्सन मेरिल, मिलवॉकी ब्रूअर्सचा जॅक्सन चुरिओ आणि बाल्टिमोर ओरिओल्सचा जॅक्सन हॉलिडे. त्या वर्षीच्या सगळ्यात चर्चेतल्या नवख्या खेळाडूंमध्ये तिघांचीही नावं होती.

शिबिर संपलं तेव्हा मेरिल आणि चुरिओ मुख्य संघात होते आणि हॉलिडेला खालच्या लीगमध्ये पाठवलं होतं. वरवर पाहिलं तर हे उलटंच वाटतं. हॉलिडे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिला निवडला गेलेला खेळाडू. उलट मेरिल ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या बरोबर खालच्या पायरीवर, एकही मॅच खेळला नव्हता.

मग हे ठरतं कसं? शिबिरात कोणी किती धुतलं यावरून? तर नाही. तो आकडा संघाच्या डेटा टीमसाठी जवळजवळ सगळ्यात कमी कामाचा असतो. का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यामागचं गणित तुम्ही रोज फोनवर वापरता.

आधी जागांचा हिशोब

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत सगळे ऊबदार हवेत सरावाला जातात: १५ ॲरिझोनात, १५ फ्लोरिडात. यालाच स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. प्रत्येक संघाचे ४० खेळाडू मुख्य करार यादीत असतात आणि त्यातले २६ प्रत्यक्ष मॅचसाठी उपलब्ध असलेल्या संघात. यादीतल्या ४० जणांना शिबिरात जागा असतेच. त्याशिवाय संघ यादीबाहेरच्या काही जणांना आमंत्रण देतो आणि एकूण आकडा साठच्या वर जातो.

या पाहुण्यांत तीन प्रकारचे लोक दिसतात. एक, संघाचे सगळ्यात आशादायक तरुण. दोन, उतरतीला लागलेले, शेवटची संधी शोधणारे अनुभवी. तिसरा प्रकार मला फार आवडतो: जादा कॅचर. शिबिरात पिचर एवढे असतात की त्यांचे चेंडू झेलायला माणसं कमी पडतात. म्हणून एखादा साधारण कॅचरही मेजर लीगच्या शिबिरात पोचतो, निव्वळ गरज म्हणून. म्हणजे ‘शिबिराला बोलावलं’ याचा अर्थ ‘खेळाडू भारी आहे’ असाच होईल असं नाही.

पणाला काय लागलेलं असतं? २०२३ मध्ये मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ७,२०,००० डॉलर होता. त्याच वर्षी झालेल्या करारानुसार ट्रिपल-ए खेळाडूचा किमान पगार ३५,८०० डॉलर. एका पायरीत वीस पट फरक! आणि मायनर लीगच्या पोरांना कित्येक वर्षं स्प्रिंग ट्रेनिंगच्या दिवसांचा पगारच मिळत नसे. त्यावरून ते कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये मेजर लीगने १८.५ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

५० संधींमध्ये काय कळतं?

बेसबॉलमधली बॅटिंग सरासरी सोपी आहे. चार वेळा बॅटिंगला आलात आणि एकदा चेंडू मारून सुरक्षित बेसवर पोचलात, तर सरासरी ०.२५०. (चेंडू न मारता मिळणारे वॉक वगैरे यात धरत नाहीत, पण ते सध्या सोडा.) अलीकडे पूर्ण लीगची सरासरी ०.२५० च्या थोडी खालीच असते. ०.३०० म्हणजे स्टार.

शिबिरात नियमित खेळणाऱ्या बॅटरला साधारण ५० संधी मिळतात. आता एक प्रयोग करू. समजा २० बॅटर आहेत आणि सगळे तंतोतंत सारखे, प्रत्येकाची खरी क्षमता ०.२५०. प्रत्येकाला ५० संधी द्या. एखाद्याला १८ किंवा जास्त हिट मिळण्याची, म्हणजे सरासरी ०.३६० किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता सुमारे ५.५ टक्के. कमी वाटते ना? पण वीस जणांत किमान एक जण असा निघण्याची शक्यता ६८ टक्के आहे. पायथॉनमध्ये चार ओळींत करून बघा.

म्हणजे बहुतेक शिबिरांत एक तरी पोरगा ‘यंदा पेटलाय’ असा दिसणार, त्याच्यात काहीही बदललेलं नसलं तरी! पत्रकार त्याच्यावर लिहिणार, चाहते त्याची जर्सी मागणार. आमच्या कामात कोणी ५० युजरवर टेस्ट घेऊन ‘नवं डिझाइन जिंकलं’ म्हणालं तर मीटिंगमध्ये लोक हसतील. इथे तेच ५० आणि समोर एक माणूस.

त्यात समोरचे पिचरही सारखे नसतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मोठे पिचर दोन-तीन इनिंग टाकून निघून जातात आणि उरलेल्या मॅचमध्ये ज्यांचे जर्सी नंबर नव्वदीत आहेत अशी पोरं बॉलिंग करतात. नावाजलेला पिचरही फेब्रुवारीत बॅटरला बाद करायला आलेला नसतो. तो हिवाळ्यात शिकलेला एखादा नवा चेंडू टाकून बघत असतो, मार पडला तरी पुन्हा तोच टाकतो. ॲरिझोनाच्या कोरड्या, विरळ हवेत चेंडूही जास्त लांब जातो.

प्ले स्टोअरचं उत्तर

प्ले स्टोअरवर दोन ॲप आहेत. एकाला चार लोकांनी रेटिंग दिलंय, ५ स्टार. दुसऱ्याला ४०,००० लोकांनी, ४.३ स्टार. तुम्ही कुठलं घ्याल? दुसरं. म्हणजे मनातल्या मनात तुम्ही पहिल्याचे ५ स्टार थोडे खाली ओढले. चारच लोक आहेत, त्यातले दोन डेव्हलपरचे मित्र असतील.

संघही हेच करतात, फक्त आकड्यांत. शिबिरातल्या ५० संधींना ते सरासरी खेळाडूच्या बऱ्याच काल्पनिक संधी जोडतात. समजावण्यापुरत्या ४०० धरू. ०.२५० दराने त्यांत १०० हिट. आता आपल्या हिरोचे १८ मिळवा: ४५० मध्ये ११८, सरासरी ०.२६२. आणि ज्याने ५० मध्ये फक्त ८ हिट मारले, ज्याला लोक ‘घरी पाठवा’ म्हणतायत, तो? ४५० मध्ये १०८, म्हणजे ०.२४०. शिबिरात एकजण ०.३६०, दुसरा ०.१६०, जमीन-अस्मानाचं अंतर. भविष्याचा अंदाज बांधताना तेच अंतर ०.०२२ वर येतं.

याच कल्पनेवर टॉम टँगो यांनी ‘मार्सेल’ नावाची अंदाज पद्धत बनवली. मागच्या तीन सीझन्सना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, लीगच्या सरासरीच्या १,२०० संधी मिसळायच्या, वयानुसार थोडा फेरफार करायचा, झालं. मार्सेल हे ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या माकडाचं नाव! अंदाज पद्धत किमान एवढी तरी चांगली हवी, म्हणजे माकडालाही जमेल एवढी, असा त्यातला टोमणा. पण ती नवख्या पोरासमोर हात टेकते. मेजर लीगचा एकही सीझन नसला की ती सांगणार, ‘हा सरासरी खेळाडू आहे’. वीस वर्षांच्या जॅक्सनसाठी याचा उपयोग शून्य.

म्हणून खालच्या लीगचे आकडे वरच्या लीगच्या भाषेत आणावे लागतात. सीईटीच्या वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर कमी-जास्त अवघड असतात, म्हणून कच्चे मार्क थेट न लावता पर्सेंटाइल काढतात ना, तसंच काहीसं. बिल जेम्स यांनी हे रूपांतर १९८० च्या दशकातच मांडलं होतं. यात मैदानही बघावं लागतं. कोलोरॅडो रॉकीजचा ट्रिपल-ए संघ अल्बुकर्कीला खेळतो आणि ते शहर जवळपास कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे. तिथे मारलेले ३० होम रन समुद्रकाठच्या मैदानावरच्या ३० होम रनएवढे नसतात. आणि सगळ्यात वजनदार गोष्ट वय. डबल-ए मध्ये तेविशी-चोविशीच्या पोरांसमोर वीस वर्षांचा मुलगा नीट उभा राहिला, तर त्याचे साधे आकडेसुद्धा मोठे मानले जातात.

जे नशिबाने होऊच शकत नाही

इथे कॅमेरे येतात. २०२० पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानात हॉक-आयचे १२ कॅमेरे असतात. हो, आपल्या डीआरएसमध्ये एलबीडब्ल्यू दाखवणारी तीच हॉक-आय. चेंडू किती वेगाने आला, किती फिरला, बॅटला लागून किती वेगाने आणि कुठल्या कोनात सुटला, सगळं मोजलं जातं. २०२४ पासून बॅट किती वेगाने फिरली तेही लोकांना बघता येतं. मेजर लीगचा सरासरी बॅट-वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास आहे.

याने प्रश्नच बदलतो. हिट मिळणं हे बॅटरवर, फील्डर कुठे उभा होता यावर, वाऱ्यावर आणि नशिबावर ठरतं. पण चेंडू बॅटवरून ताशी १८० किलोमीटरने सुटणं नशिबाने होत नाही. ज्याच्या मनगटात आणि कमरेत ती ताकद नाही त्याला हजार संधी दिल्या तरी ते जमणार नाही. त्यामुळे सरासरीला शेकडो संधी लागतात, पण ताकदीचा पुरावा एकाच फटक्यात मिळू शकतो. सरासरी म्हणजे बेंचमार्क, शंभर वेळा चालवल्याशिवाय विश्वास ठेवू नये. कमाल वेग म्हणजे हार्डवेअर स्पेसिफिकेशन: एकदा दिसलं की आहे.

स्ट्राइकआउटचंही तसंच. रसेल कार्लटन या संशोधकाने कुठला आकडा किती संधींनंतर भरवशाचा होतो, म्हणजे त्यात कौशल्याचा वाटा साधारण निम्मा होतो, ते तपासलं. स्ट्राइकआउटच्या प्रमाणाला सुमारे ६० संधी पुरतात. बॅटिंग सरासरीला ९०० च्या वर, म्हणजे जवळपास दोन सीझन!

आता हॉलिडेकडे परत येऊ. ओरिओल्सने त्याला फार काळ थांबवलं नाही, १० एप्रिल २०२४ ला वर बोलावलं. पुढच्या दोन आठवड्यांत ३४ पैकी २ हिट, सरासरी ०.०५९. २६ एप्रिलला परत खाली. ‘फक्त ३४ संधी, एवढ्यात पोराला जोखता?’ असं कोणीही म्हणेल, आणि सरासरीपुरतं ते बरोबरच आहे. पण ३६ वेळा बॅटिंगला येऊन तो १८ वेळा स्ट्राइकआउट झाला होता. लीगचं प्रमाण चारात एकापेक्षाही कमी, याचं दोनात एक. एवढं नशीब कोणाचं वाईट नसतं. चेंडू बॅटला लागतच नव्हता, आणि त्यासाठी ३६ संधीही पुरेशा होत्या. आदल्या वर्षी तो ट्रिपल-ए मध्ये फक्त १८ मॅच खेळला होता. संघाला मार्चमध्ये हीच धाकधूक होती. उलट मेरिलची मायनर लीगमधली ओळख काय? चेंडू चुकवत नाही. २०२५ मध्ये हॉलिडे जवळजवळ पूर्ण सीझन मुख्य संघात खेळला, तेव्हा पोरगा वाया गेला वगैरे काही नाही. तो तयार नव्हता, एवढंच.

एका आकड्यावर भाळण्याची उलटी बाजूही आहे आणि ती आपल्याकडची. २००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा झाली. रडार गन लावून सगळ्यात वेगाने फेकणारे हात शोधले. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे, हा वेगळा) आणि दिनेश पटेल, थेट पिट्सबर्ग पायरेट्सच्या करारापर्यंत पोचले. वेग खरा होता. पण दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत गेला नाही. वेग हे प्रवेशपत्र आहे, पेपर पुढे असतो.

म्हणून माणसं अजून लागतात. स्काउट खेळाडूच्या प्रत्येक कौशल्याला २० ते ८० मध्ये गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी आणि १० गुण म्हणजे एक प्रमाण विचलन. बारावीच्या स्टॅटिस्टिक्समध्ये हे वाचून कंटाळला असाल, तर हा त्याचा पगारी उपयोग. खेळाडू चुकीतून किती लवकर शिकतो, खराब आठवड्यानंतर सरावाला कसा येतो, हे अजून कुठला कॅमेरा मोजत नाही.

स्टोरेज फुल

समजा सगळा डेटा म्हणतो, हा पोरगा तयार आहे. तरी त्याला जागा मिळेलच असं नाही, आणि हा भाग चाहत्यांना सगळ्यात जास्त चिडवतो.

फोनचं स्टोरेज फुल असताना नवं ॲप टाकायचं तर काहीतरी काढावं लागतं. काही ॲप काढून उद्या परत डाउनलोड करता येतात. काही जुनी ॲप स्टोअरवरून गायब झालेली असतात, एकदा काढली की गेली. बेसबॉलमध्ये ४० जणांच्या यादीतल्या खेळाडूला सहसा तीन सीझन खाली-वर करता येतं, त्याला ‘ऑप्शन’ म्हणतात. ऑप्शन संपले की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या २९ संघांना विचारावं लागतं: घेणार का? कोणी हात वर केला की तो गेला. त्यामुळे २८ वर्षांचा ठीकठाक खेळाडू संघात राहतो आणि २१ वर्षांचा जास्त चांगला पोरगा ट्रिपल-ए मध्ये जातो, कारण पोराला परत बोलावता येतं, त्याला नाही. अन्याय वाटतो. डेटाबेसच्या नजरेने मात्र निर्णय चोख आहे: परत फिरवता येईल तो बदल आधी करा.

फार काळ दाबूनही ठेवता येत नाही. अठरा किंवा कमी वयात करार केलेल्या खेळाडूला पाच वर्षांत, त्याहून मोठ्याला चार वर्षांत ४० च्या यादीत घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरच्या ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ १ लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो, फक्त पूर्ण सीझन मुख्य संघात ठेवायची अट. १९९९ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोसने जोहान सांताना नावाच्या पिचरला असंच उघड्यावर सोडलं. तो मिनेसोटा ट्विन्सकडे गेला आणि पुढे दोनदा, २००४ आणि २००६ मध्ये, लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला.

एक दिवस कमी

आणि मग पैसा. सहा पूर्ण वर्षं सेवा झाली की खेळाडू मोकळा होतो, हव्या त्या संघाशी कितीही रकमेचा करार करू शकतो. पूर्ण वर्ष म्हणजे १७२ दिवस. २०१५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये शिकागो कब्सच्या क्रिस ब्रायंटने ९ होम रन मारले, सगळ्या खेळाडूंमध्ये सर्वाधिक, सरासरी ०.४२५. तरी सुरुवातीला त्याला खाली पाठवलं. १७ एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी पडला आणि कब्सना त्याचं एक अख्खं वर्ष जास्त मिळालं. त्याच सीझनला तो सर्वोत्तम नवोदित ठरला! तक्रार झाली, २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला.

माझ्या मते हा सगळ्या पद्धतीतला सगळ्यात कुजका भाग होता. खेळातल्या गुणवत्तेसाठी एवढी यंत्रं लावायची आणि शेवटी कॅलेंडर बघून निर्णय घ्यायचा. २०२२ च्या करारात यावर पॅच आला: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोनात आलेल्याला पूर्ण वर्ष धरायचं, आणि नावाजलेल्या नवख्याला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला, तो पुढे मोठा पुरस्कार जिंकला तर, ड्राफ्टमध्ये जादा निवड. सिॲटल मरिनर्सने त्याच वर्षी हुलिओ रॉड्रिगेझला पहिल्या दिवसापासून उतरवलं, तो सर्वोत्तम नवोदित झाला आणि संघाला ती जादा निवड मिळाली.

चुरिओच्या बाबतीत ब्रूअर्सनी ही डोकेदुखी आधीच मिटवली. डिसेंबर २०२३ मध्येच, त्याने मेजर लीगचा एकही चेंडू खेळण्याआधी, आठ वर्षांचा ८.२ कोटी डॉलरचा करार. दिवस मोजायचा प्रश्नच संपला. त्यामुळे सुरुवात खराब झाली, जूनच्या सुरुवातीला सरासरी ०.२१० च्या आसपास घुटमळत होती, तरी त्याला खाली पाठवलं नाही. सीझनअखेर ०.२७५, २१ होम रन, २२ चोरलेले बेस.

आणि मेरिल? त्याच्या निवडीत सगळ्यात मोठा हात कदाचित ट्रेडचा होता. पाद्रेसने डिसेंबर २०२३ मध्ये हुआन सोटो आणि ट्रेंट ग्रिशम यांना न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवलं आणि आउटफील्डमध्ये दोन मोठी भोकं पडली. मेरिल मुळात शॉर्टस्टॉप, पण ती जागा भरलेली. शिबिरात त्याला सेंटर फील्डला उभं करून पाहिलं, जमतंय असं दिसलं, आणि २० मार्चला सोलमधल्या पहिल्या मॅचला तो तिथेच उभा होता. वर्षअखेर ०.२९२, २४ होम रन, सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा. सोटो संघात असता तर मेरिलने २०२४ ची सुरुवात बहुधा खालच्या लीगमध्ये केली असती, आणि शिबिरातला त्याचा एकही आकडा वेगळा नसता.

फेब्रुवारीत स्वतः बघायचं असेल तर फोनवर बेसबॉल सॅव्हंट ही साइट उघडा, फुकट आहे. खेळाडूच्या पानावर सरासरी सोडून थेट बॅट-वेग, चेंडू सुटण्याचा वेग आणि स्ट्राइकआउट बघा. बेसबॉल-रेफरन्सवर स्प्रिंगच्या आकड्यांशेजारी समोरच्या पिचरांचा दर्जा दाखवणारा एक रकाना असतो. १० म्हणजे पूर्ण मेजर लीग दर्जा. ०.४०० वाल्या हिरोचा तिथला आकडा बघितल्याशिवाय मित्रांच्या ग्रुपवर काही टाकू नका. आणि कॅचरकडे लक्ष ठेवा. २०२६ पासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या स्ट्राइक-बॉल निर्णयाला हॉक-आयवर आव्हान देता येतं, त्यामुळे चेंडू गुपचूप आत ओढून स्ट्राइक मिळवणाऱ्या हातांची किंमत थोडी कमी होणार आणि चांगली बॅटिंग करणाऱ्या कॅचरची वाढणार. आधी निव्वळ चेंडू झेलायला बोलावलेल्या पोरांपैकी एखाद्याचं नशीब यातून उघडू शकतं.